पाचवा पत्ता

त्याला सगळे फुंकर म्हणत. कुठलंही यंत्र समोर आलं की पेचकस उचलण्याआधी हा त्यावर एक फुंकर मारायचा, आणि निम्मी यंत्रं तेवढ्यानेच सुतासारखी सरळ होतात, असं स्वतःच छाती फुगवून सांगायचा. त्या दुपारी निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंच्या पुढच्या खोलीतल्या संगणकापुढे मात्र फुंकर वाया गेली.

"ब्राउझर गोठतो हो, भाऊ," बाई म्हणाल्या. "औषध मागवायला बसले, की पत्त्याच्या रकान्यात माझ्याऐवजी ह्यांचं नाव उमटतं. चार वेळा उमटलं, पुढे पत्ताही आला. काल पाचव्यांदा नाव आलं आणि अडकलंच."

हे म्हणजे बाईंचे यजमान. चष्म्याची काडी बसवून येतो म्हणून बाहेर पडले, त्याला अकरा वर्षं झाली होती. चष्मेवाल्यापर्यंत ते पोचलेच नव्हते.

"जुनं नाव साठलं असेल कुठेतरी."

"हा संगणक दोन वर्षांपूर्वीचा आहे."

फुंकरने मान खाजवली. बाईंनी वही पुढे सरकवली. जन्म टपालात गेलेला, त्यामुळे नोंद चोख. गुडघेदुखीच्या औषधाचं पहिलं पार्सल बंदरावरच्या वखारीत गेलं होतं, दुसरं स्टेशनजवळच्या लॉजवर, तिसरं बाजारपेठेत. चौथं याच गल्लीच्या तोंडाशी, बंद छापखान्यात. चारही पोचली होती. चारही पोचपावत्यांवर एकच सही.

"सहीखाली तीन टिंबं," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण देतं तशी? चारही ठिकाणी धावले मी. दर वेळी म्हणे आत्ताच निघाले."

"म्हणजे औषध त्यांनी घेतलं आणि धावलात तुम्ही!"

बाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

"कुणीतरी चेष्टा करतंय, बाई. काहीतरी भलतं शिरलंय यात. रिसेट करतो, ताळ्यावर येईल."

"आणि पाचवा पत्ता? तो यायच्या आधीच पुसला गेला तर मी शोधायचं कुठे?"

"नाही पुसला जात. ब्राउझरला चिकटलेली आगंतुक एक्स्टेंशन्स बंद होतात, कुकीज जातात. बुकमार्क, पासवर्ड, साठवलेले पत्ते जिथल्या तिथे राहतात."

तरी त्याने सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर काढली. जोखीम कशाला! मग बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. ब्राउझर बंद होऊन पुन्हा उघडला. बुकमार्क होते. पासवर्ड होते. औषधाचं पान झरझर आलं.

पत्त्याचा रकाना रिकामा होता.

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "भाऊ..."

"थांबा."

त्याचे हात मांडीवर होते. रकान्यात यजमानांचं नाव उमटलं. मागोमाग ही गल्ली.

मग याच घराचा क्रमांक.

खाली आणखी एक ओळ आली. पुढची खोली.

फुंकरने दाराकडे पाहिलं. दाराला आतून कडी होती. ती त्यानेच लावली होती.

शेवटची ओळ उमटायला वेळ लागला. टेबलाजवळची खुर्ची.

त्या खोलीत खुर्ची एकच होती.

बाईंनी पदराने डोळे टिपले, केसांवरून हात फिरवला. आवाज अगदी हळू होता.

"उठा ना, भाऊ. दमून आले असतील."

फुंकर उठला आणि भिंतीला टेकला.

खुर्चीची दबलेली गादी काही वर आली नाही.