आठव्या दिवशी

विद्यार्थ्यांच्या रसायनशाळेतलं उरलंसुरलं कुठे टाकायचं, ही डोकेदुखी त्या काळात संपली होती. प्रत्येक कॉलेजच्या मागच्या पडवीत एक निळं पिंप असे आणि त्यात पाचकी. पाचकी म्हणजे मुद्दाम घडवलेल्या जिवाणूंचा दाट, करडा गाळ. एखादं रसायन रोज, थोडं थोडं, सात दिवस दिलं की ज्या जिवाणूंना ते पचतं तेच टिकत, तेच वाढत. आठव्या दिवसापासून सगळं पिंप त्या रसायनावर ताव मारी.

खाडीकाठच्या कॉलेजात हे काम तोडणकर मामांकडे होतं. प्रॅक्टिकल संपलं की पोरं बीकर त्यांच्या पुढ्यात ठेवत. "मामा, तुमच्या म्हशीला आंबोण!" मामा हसत. पण गेले तीन महिने ते हसले नव्हते. त्यांची बायको शालन गेली होती.

आज रसायनशास्त्राच्या मुकादम मॅडमनी दार लावून त्यांना समोर बसवलं. मामांच्या मुलीला, रेवतीला, आईसारख्याच फिट येत. गोळी सुरू झाल्यापासून नऊ वर्षं ती ठणठणीत होती. या आठवड्यात तिला चार फिट आल्या.

"मामा, मी तिचं रक्त तपासलं. त्यात गोळीचा अंशसुद्धा नाही."

"मी स्वतः देतो, मॅडम. माझ्यासमोर गिळते."

"गिळते. पण तिच्या पोटात पाचकी आहे. माझ्याही पोटात सापडली. गोळी रक्तात जायच्या आधीच ती फस्त करते. पाचकीला ही गोळी शिकवली कोणी?"



"शालनच्या याच गोळ्या उरल्या होत्या. कचऱ्यात टाकवेनात. सकाळी आठला तिला द्यायचो, तशीच एकेक पिंपात टाकली. रोज."

"हात धूत होतात?"

"चांगले साबणानं. पण डबा... जेवणाचा डबा पिंपाच्या झाकणावर ठेवायचो. तोच घरी न्यायचो."

मॅडमनी समोरचा तपासणीचा कागद उलटा ठेवला.

"दुसरी गोळी द्या ना तिला."

"देऊ. सात दिवस लागू पडेल."

"मग पाचकीलाच मारायचं औषध?"

"तेही रोजच घ्यावं लागतं, मामा."

"फिटवर अजून दुसऱ्या गोळ्या आहेत किती प्रकारच्या?"

"अकरा."

म्हणजे सत्त्याहत्तर दिवस. खिडकीबाहेर पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवत होती. त्यांच्या घरोघरी कोणी मधुमेहाची गोळी घेत असेल, कोणी रक्तदाबाची. सगळे नेमाने, ठरल्या वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीने पाण्याचा पेला भरला आणि आई करायची तसाच तळहात पुढे केला.

"बाबा, आठ वाजले."

नवी गोळी मामांच्या मुठीत होती. मूठ उघडेना.