गिळलेली किळस

"शी! वहिनी, हाताला घाण वास येतोय तुमच्या!"

रणजीतनं ताट ढकललं आणि तो तसाच उपाशी कॉलेजला निघून गेला. साबणानं, मग राखेनंही घासलेले ते हात पदराखाली लपवून शालन स्टोव्हपुढे बसून राहिली... ज्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्याच डोळ्यांत आपल्याविषयी एवढी घृणा!

साताऱ्याहून नवी मुंबईत पोट भरायला आलेला तिचा नवरा जोतीराम हमाली करताना ट्रकखाली गेला. माहेरचे न्यायला आले होते. पण पोरक्या दिराचं शिक्षण थांबू नये, म्हणून ती मागे राहिली आणि ठेकेदाराकडे झाडूवर लागली. तुर्भ्यात नुकतंच आलेलं भाजी मार्केट, त्याच्या मागचा रस्ता तिच्या वाट्याला आला.

"तुम्हाला काय, सवय झालीय," रणजीत म्हणायचा, आणि ती मुकाट हसायची.

त्या आठवड्यात ती तापानं फणफणली. मुकादम पोपट दारात उभा राहिला.

"अजून एक खाडा झाला तर दुसरी बाई ठेवीन. नायतर बदली माणूस द्या!"

शालन भिंत धरून उठली... आणि तिथंच कोसळली. रणजीत नाइलाजानं झाडू-फावडं घेऊन निघाला.

कुजलेल्या फ्लॉवरचा काळा चिखल, फुटके टोमॅटो, त्यावर कुण्या हॉटेलवाल्यानं ओतलेलं आंबूस खरकटं... त्यानं श्वास कोंडून फावडं घातलं, तर खालून फुगलेली घूस वर आली आणि तिच्या फाटक्या पोटातून वळवळत्या अळ्या सांडल्या! रणजीत भडभडून ओकला.

"आता ते पण उचल," नाकाला रुमाल लावून पोपट म्हणाला.

दुपारी घरी येऊन त्यानं अंगावर बादल्याच्या बादल्या ओतल्या, तरी ती दुर्गंधी जाईना. ओल्या केसांनीच तो शालनच्या अंथरुणापाशी बसला.

"वहिनी... तुम्हाला किळस नाही येत?"

हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं!

"रोज येते, भावजी. भिंतीआड जाऊन ओकते, तोंड पुसते आणि पुन्हा झाडू धरते. सवय न्हाई होत कधी..."

रणजीतला हुंदका फुटला. "चुकलो मी, वहिनी! उद्यापासून मीच जाणार. बस झालं कॉलेज!"

तापानं जळत असतानाही शालन ताडकन उठून बसली.

"खबरदार! तुमीच झाडू धरलात, तर एवढी किळस मी गिळली कशापायी?"

त्यानं तिच्या पावलांवर डोकं टेकलं... आणि जोतीराम गेल्यावरही मन घट्ट करून उभी राहिलेली ती बाई, दिराला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडली.