बरणीतला तिसरा

सलिल फक्त सहीसाठी आला होता. प्रबंध बांधून तयार, मुदत आज पाचपर्यंत. एकदा गाइड श्यामलाबाईंची सही झाली की सहा वर्षांची हमाली संपली. बाईंचं दळण, त्यांचा गॅसचा नंबर, चष्म्याची काच बदलणं, हे त्याला प्राणिशास्त्रापेक्षा जास्त पाठ झालं होतं. मनातून तो त्यांचा भयंकर राग राग करी.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारी तीनलाही पडदे ओढलेले असत. आत औषधी, कुबट वास. टेबलावर एकच निळसर दिवा आणि दिव्यामागे बरणीतली ती खोल समुद्रातल्या माशाची मादी. काळी, नारळाएवढी, तोंडभर सुयांसारखे दात.

"आलास? प्रबंध लिहिताना ही घाई कुठे होती?"

"मॅडम, सही..."

"करते. आधी बरणीतलं फॉर्मॅलिन बदल."

हातमोजे चढवून त्यानं झाकण काढलं. या जातीचं सगळं त्याला ठाऊक होतं. ऊन पोचत नाही इतक्या खोल पाण्यात मादी कपाळावरचा दिवा पेटवून सावजाची वाट बघते. नर बोटाच्या पेराएवढा. वास काढत येतो, तिच्या पोटाला चावतो आणि मग सुटतच नाही. कातडीला कातडी जुळते, तिचंच रक्त त्याला पोसतं. त्याचे डोळे जातात, आतडी विरतात. त्याला भूक उरत नाही.

बरणीवरची चिठ्ठी सहा वर्षांपूर्वी त्यानंच लिहिली होती : मादी एक, चिकटलेले नर दोन.

पोटाखाली तीन होते. तिसऱ्याचे डोळे अजून शाबूत होते.

"मॅडम... हा तिसरा..."

"राकेशनंही असंच मोजलं होतं. तेव्हा दुसरा होता."

राकेश त्याच्या आधीचा विद्यार्थी. त्याच्याआधी आयुष. दोघांचेही प्रबंध विद्यापीठात कधी पोचले नव्हते. सलिलनं दाराकडे पाहिलं. पळावं... पण बाईंनी पेन उचललं होतं.

"जेवलास का रे?"

त्याला आठवेना. आज नाही. काल... परवाही नाही. आणि भूक म्हणाल तर अजिबात नव्हती.

पेन कागदावर करकरलं. "घे. झाली सही. नीघ आता."

त्यानं पान डोळ्यांजवळ धरलं. अक्षरं दिसेनात. बाई दिसेनात, दार दिसेना. दिवा तेवढा स्वच्छ दिसत होता. पाच वाजत आले होते. तो दिव्याजवळ सरकला.

"मॅडम," त्यानं हळूच विचारलं, "उद्या काय आणू?"