सातचा नमुना

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पद्मजाचा फोन थरथरला, तेव्हा ती पुण्यात भाजीवाल्यापुढे मेथीच्या दोन जुड्या हातात घेऊन उभी होती. पडद्यावर हिरवी रेघ आणि तिच्याखाली तेवढंच : 'आई : ठीक आहे'. फोन पर्समध्ये टाकून तिनं त्यातली कोवळी जुडी निवडली.

घरी पोचते न पोचते तोच आईचा फोन आला.

"बघितलंस का आज?"

"बघितलं. रेघ मस्त आहे. कालच्यापेक्षा वर."

"मग झालं तर." आईनं विषय बदलला. "कुकरची रिंग गेलीय गं. इथं आष्ट्यात त्या मापाची मिळत नाही. आलीस की घेऊन ये."

"आत्ता कुठलं येणं, आई? पुढच्या गुरुवारी समितीची बैठक आहे. कुरिअरनं पाठवते."

"पाठव सावकाश. एकटीचा भात, पातेल्यातसुद्धा शिजतो."

बुधवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुन्हा हिरवी रेघ आली. 'आई : ठीक आहे'. पद्मजानं चहा घेतला, आंघोळ केली, ओले केस पुसत असताना साडेआठला शेजारच्या मगदूम काकूंचा फोन आला. आई पहाटे कधीतरी झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

आई गेल्यावरही यंत्र 'ठीक आहे' का म्हणालं, हे पद्मजाला कुणाला विचारावं लागलं नाही. तो नियम तिनंच लिहिला होता. कानामागची पट्टी झोपेत सरकली, की नोंद चुकते आणि मुलं उगाच घाबरतात. म्हणून चुकलेली नोंद मागच्या नोंदींच्या सरासरीनं भरायची, तीन दिवसांपर्यंत. शुक्रवार संध्याकाळपर्यंत आई ठीक होती. पद्मजानं फोन बंद केला नाही. दर वेळी तो थरथरला, की ती आष्ट्यात पाहुण्यांनी भरलेल्या खोलीतून उठून परसात जायची आणि हात धुऊन परत यायची.

या यंत्राला पद्मजाच्या प्रयोगशाळेत 'कणदूत' म्हणत. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके लहान. नाकात एक फवारा मारला, की ते वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूत पोचत. प्रत्येक कणावर एक घडी घातलेला धागा. डोपामिन किंवा सेरोटोनिनचा रेणू त्यात अडकला, की घडी बदलायची आणि कणावरून परतणारा प्रकाशही बदलायचा. कानामागची पट्टी तो प्रकाश टिपून सांगायची, की उमेदीशी आणि समाधानाशी नातं असलेली ही रसायनं आज किती आहेत. प्रकाशानं मेंदू किंचित तापतो, म्हणून दिवसातून दोनदाच, चार-चार मिनिटं मोजायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं मन खचू लागलं, तर मुलांना वेळेवर कळावं, एवढाच हेतू.

दोन वर्षांपूर्वी पद्मजानं स्वतः आईच्या कानामागं पट्टी लावली होती. बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आई म्हणजे विमल चौगुले, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं उसाचा रस तपासून निवृत्त झालेल्या. त्यांनी मान तिरकी धरून पहिला प्रश्न विचारला, "नमुना कधी घेणार?"

"सकाळी सात आणि संध्याकाळी सात."

"रोज? ठरलेल्या वेळेला?" आई हसायला लागली. "आमचे मोठे साहेब रोज अकराला रसाचा नमुना मागायचे. अकराचा रस काय गोड असायचा, म्हणून सांगू!"

पद्मजाही हसली होती. पट्टीची कड दाबून बसवत तिनं म्हटलं होतं, "हलू नकोस गं."

शनिवारी पाहुणे पांगले. मगदूम काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि ताट पुढं सरकवून तिथंच बसल्या.

"जेव. असं नुसतं फिरू नकोस घरभर. सकाळपासनं बघतेय, एका जागी टेकली नाहीस." मग त्यांनीच विषय काढला. "आता साडेसहा झाले, की मला करमत नाही बघ. पत्ते घेऊन हजर असायची तुझी आई."

"आई पत्ते खेळायची?"

"रोज. झब्बू. सकाळी एक डाव आणि संध्याकाळी पुन्हा. आणि अशी लबाडी करायची! पण सात वाजायला आले, की तिलाच जिंकायचं असायचं. मी मुद्दाम हरायची. जिंकली, की खदाखदा हसायची आणि म्हणायची, 'चला, पोरीच्या यंत्राला जेवायला घातलं.'"

पद्मजानं हातातला घास ताटात ठेवला. "आणि मग?"

"मग काय, पाच मिनिटांत पत्ते गोळा. म्हटलं, बस की अजून. तर म्हणे, नमुना दिला, आता कशाला? घरात जायची. कितीतरी दिवस दिवासुद्धा लावायची नाही. मी ओरडले एकदा. तर म्हणे, उजेड डोळ्यांना बोचतो."

"मला का नाही सांगितलंत, काकू?"

"शपथ घातली होती तिनं. रेघ खाली गेली, की पोर हातातलं काम टाकून पळत येईल, म्हणायची."

त्या संध्याकाळी पद्मजानं लॅपटॉप उघडला. मुलांना दिसायची ती चार मिनिटांची सरासरी. तिच्याआधीचे कच्चे आकडे साठवलेले असत, पण सरासरी चांगली असेल तर ते उघडायचं कुणाला कारण नसे. तिनं आईची एक संध्याकाळ उघडली. पहिल्या मिनिटाला रेघ उंच, चौथ्या मिनिटाला उतरलेली. दुसरी उघडली. दहावी. दोनशेवी. सातशे संध्याकाळी, आणि प्रत्येक संध्याकाळ चार मिनिटांत उतरत गेलेली. सकाळीही तशाच. पद्मजा उठली, बसली, पुन्हा उठली. बाहेरच्या खोलीत जाऊन तिनं सगळे दिवे लावले आणि मग पुन्हा घालवले.

सोमवारी पुण्यात परतून तिनं प्रकल्पप्रमुख डॉ. केळुसकरांना आकडे दाखवले. आईचा आलेख मंजुरी समितीपुढच्या अहवालात पहिल्याच पानावर होता, दोन वर्षांत एकही खोल दरी न दिसलेला आदर्श आलेख. मंजुरी मिळाली, की सहा हजार घरांत कणदूत जाणार होते.

केळुसकरांनी आकडे खालीवर सरकवून पाहिले. "दुरुस्ती सोपी आहे, पद्मजा. वेळ ठरवायचीच नाही. न सांगता कधीही नमुना घ्यायचा. पण हे मंजुरीनंतर करू. आत्ता बोललीस तर दोन वर्षं मागं जाऊ आपण."

दुरुस्ती खरोखर सोपी होती. तिला ती परतीच्या वाटेवरच सुचली होती. वेळ ठरलेली नसती, तर आईनं काय केलं असतं? दिवसभर पत्ते खेळत बसली असती?

गुरुवारी समितीत पाच जण होते. केळुसकरांनी पहिलं पान पडद्यावर आणलं. हिरवी रेघ भिंतभर पसरली. पद्मजा खुर्चीत नीट बसूही शकत नव्हती. समितीतल्या वरेरकर बाई, निवृत्त परिचारिका, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "सात ते सात-चार. बरं. आणि सव्वासातला या बाई काय करत होत्या?"

केळुसकरांनी पद्मजाकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"अंधारात बसत होत्या," ती म्हणाली. "त्या माझ्या आई. हा आलेख खोटा आहे. सातच्या आधी त्या हसून घ्यायच्या, माझ्यासाठी. कच्चे आकडे मी सोबत आणलेत."

कुणीतरी कागद उलटला. केळुसकर हलक्या आवाजात म्हणाले, "ती त्रुटी दूर करता येण्यासारखी आहे. वेळ बदलली, की..."

"वेळ बदलून आईची लबाडी थांबेल, सर. माझी नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आईला वाटायचं, रेघ खाली गेली तर मी पळत येईन. मी आले नसते. मी डॉक्टरांना मनाच्या गोळ्या सुरू करायला सांगितलं असतं आणि पुन्हा रेघ बघत बसले असते. बाबा गेल्यावर त्या घरात मला जाववत नव्हतं. तू कशी आहेस, असं आईला विचारलं असतं आणि तिनं खरं सांगितलं असतं, तर मला तिथं जाऊन राहावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं. म्हणून मी दोन वर्षं विचारलंच नाही. विचारावं लागू नये म्हणूनच मी हे बनवलं. आता सहा हजार घरांत हे देण्याआधी, त्या घरांतल्या आईबापांच्या मुलांना तरी तिथं जायचंय का, हे कोण विचारणार आहे?"