पुन्हा तीच टकटक

"आलं बघ तुझं रडगाणं!" मामा गॅरेजच्या दारातून ओरडला, आणि आत इंजिनावर वाकलेल्या तिच्या डोक्यात तिडीकच गेली. तीच निळी गाडी. तोच रेसवाला. पुन्हा!

पहिल्यांदा आला तेव्हा बगलेत नवाकोरा कॅमशाफ्ट होता, इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; दुकानातला सगळ्यात जास्त लिफ्टचा, म्हणजे उचल देणारा. "व्हॉल्व्ह जितके जास्त उघडतील तितका जोर," असं तिलाच शिकवत होता!

"आणि पिस्टनवर आपटले की?"

साहेबांनी कॅमशाफ्ट हळूच पाठीमागे लपवला. मग... हसला. खळी पडते मेल्याच्या गालाला! तिनं बेताच्या लिफ्टचा कॅम निवडला, वर हायड्रॉलिक लिफ्टर बसवले. तेलाच्या दाबानं कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट आपली आपण भरून काढतात, चूं करत नाहीत. तरी दर खेपेला टकटक घेऊन हा हजर.

आज सकाळीच मामानं सुनावलं होतं, "आता ही गाडी परत आली ना, तर इंजिनाचं काम दुसऱ्याला देईन. तू पंक्चर काढत बस."

तिनं चरफडत इंजिनाचं कव्हर उघडलं. मागच्या वेळी प्रत्येक नटावर तिनं पिवळी रेघ ओढून ठेवली होती. सगळ्या रेघा जागेवर होत्या... एक सोडून. तो नट चक्क ढिला होता, टकटक त्याचीच.

"याला पाना कुणी लावला?"

"मी... म्हणजे..." तो कान चोळत म्हणाला, "दर वेळी दीडच फेरा ढिला केला."

"वेड लागलंय का तुम्हाला? कशासाठी?"

"गाडी नीट चालली असती, तर इथं कशाला आलो असतो?"

तिचे गाल तापले. रागानंच हं, दुसरं काही नाही! "तुझ्या या चाळ्यांपायी माझं काम जातंय, कळतंय का? मी आपली स्वतःलाच दोष देत बसले!" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तिलाही कळलं नाही.

त्याचं हसू पार मावळलं. "खरंच माहीत नव्हतं गं..." म्हणत तो तडक मामाकडे गेला आणि सगळ्या गॅरेजसमोर, मोठ्यानं, सगळं कबूल केलं. मामा आधी भडकला, मग पोट धरून हसत सुटला.

"इंजिन तुझंच, पोरी! पण या ध्यानाचं काय करायचं?"

तिनं नट कसला. इंजिन सुरू झालं; टकटक गायब. तो मात्र तोंड पाडून उभा.

"आता यायला काही कारणच उरलं नाही..."

"देवा!" तिनं कपाळावर हात मारला. "उद्या संध्याकाळी ये. गाडी न घेता, चालत ये. मी तयार असेन. आणि पाना आणलास तर याद राख!"