विट्याची दोरी

चोर सापडला, हत्यार सापडलं आणि लवूची खोली वाचली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. कारण १९८६च्या खंडेनवमीच्या दुपारी यातलं काहीच झालं नव्हतं. अंधेरीत पिठाच्या गिरणीवरच्या कचेरीत खासगी गुप्तहेर पद्मजा जेवत होती, तिचा सहकारी दादू तिच्याच डब्यातलं जेवत होता, आणि दारात शेवंती उभी होती.

"बाय, माझो घोव चोर नाय! कमिटी म्हणता, संध्याकाळपर्यंत विटा दे, नायतर खोली सोड."

"किती विटा?" दादूने विचारलं. "ट्रकभर?"

"फेकायचा भाला रे. दोरीवाला." पद्मजाने डबा बंद केला. "चल."

शेवंतीचा नवरा लवू मरोळच्या वसाहतीत वॉचमन. मंडळाच्या खोलीची किल्ली एकट्या त्याच्याकडे. सकाळी शस्त्रपूजा झाली, कुलूप लागलं. तासाभराने उघडलं तर विटा गायब. कुलूप शाबूत. गॅलरीकडच्या खिडकीचे गजही शाबूत. फक्त एका गजावर ओल्या हळदीचा पट्टा.

वसाहतीत इतिहासाचे मास्तर भाऊराव गंजीफ्रॉकवर वारा घेत होते.

"विटा हा शब्द आला कुठून?" पद्मजाने विचारलं.

"नक्की ठाऊक असलेले चौघं चार गोष्टी सांगतात. मी पाचवा होत नाही. पण वस्तू अस्सल! संग्रहालयात द्या म्हणून मी कधीचा भांडतोय."

पी. टी.चे दशरथ सर उघड्या दंडांनी बैठका मारत होते. "पोरांना भालाफेक शिकवायला मागितला, तर अध्यक्ष देईनात."

अध्यक्ष गुणाजी घामाघूम होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं.

"आमचे पूर्वज विटेकरी! दोरीचा फास मनगटात, विटा भिरकवायचा, गडी पाडायचा, झटक्यात परत ओढायचा. पूजा मीच केली, दोरीलासुद्धा हळद चोपडली. उद्या दसऱ्याला सगळ्यांसमोर फेकणार होतो. लवूने वाट लावली!"

"आधी कधी फेकलाय?"

"रक्तात असतं ते."

ऐकता ऐकता दादू मंडपाच्या कापड गुंडाळलेल्या खांबाला टेकला आणि खांबासकट आडवा झाला. वरचं छत जागचं हललंसुद्धा नाही.

पद्मजाने सगळ्यांना तिथेच बोलावलं. "वाजले किती?"

भाऊराव आणि दशरथ यांनी मनगटं पाहिली. गुणाजींनी खिशातून घड्याळ काढलं.

"झकास," पद्मजा म्हणाली. "चोर खोलीत शिरलाच नाही. पूजा करतानाच त्याने दोरीचं टोक गजांतून बाहेर सोडलं, आणि कुलूप लागल्यावर गॅलरीतून ओढलं. विटा गजांतून सरळ बाहेर. म्हणून गजावर हळद. बोटं आज सगळ्यांचीच पिवळी आहेत. पण ओढताना फास मनगटात घालेल तो विटेकऱ्याचाच वंशज. गुणाजीभाऊ, बाही वर करा."

मनगटाभोवती पिवळंधमक कडं होतं. घड्याळाचा पट्टा पिवळा होऊ नये म्हणून ते खिशात.

"आणि विटा?" दादू कंबर चोळत म्हणाला.

"तू पाडलास तो. छताला न लागणारा खांब कशाला हवा?"

कापड सुटलं. विटा चमकला.

"पण का रे बाबा?" भाऊरावांनी विचारलं.

"गच्चीवर गुपचूप फेकून बघितला," गुणाजी पुटपुटले. "फास मनगटात. विट्यामागोमाग मीपण फरफटत गेलो. उद्या सगळ्यांसमोर तेच झालं असतं."

"माका खोलीचा सांगा," शेवंती म्हणाली.

"खोली तुमचीच. उद्या अध्यक्ष लवूची जाहीर माफी मागतील," पद्मजाने निकाल दिला. "आणि मग विटा फेकतील."

गुणाजींनी कागद मागितला आणि लिहिलं:

"मा. वॉर्ड अधिकारी यांस. अपरिहार्य कारणास्तव यंदाचा दसरा पुढील आदेश होईपर्यंत तहकूब करण्यात यावा, ही नम्र विनंती."