तापाने वारलेला महाद्वारपाल

तिची मान डावीकडे वळली ती वळलीच. सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीत, भिंतीवरच्या वंशावळीत धाकट्या राणीचा तिसरा मावसदीर शोधायला तिने डावीकडे पाहिलं. मावसदीर सापडला, मान परत यायला तयार होईना. दुपारी ती इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात बसली होती, डावीकडच्या कोऱ्या भिंतीकडे डोळे वटारून.

भिंतीचा काही दोष नव्हता. राग होता तो त्या लेखकावर.

साप्ताहिकात तीन वर्षं राजदरबाराची एक अद्भुत कादंबरी क्रमशः येत होती. उडते घोडे, बोलकी तलवार, शापित सिंहासन, सगळं साग्रसंगीत. लेखक टोपणनावाने लिही, भाग टपालाने येई, आणि कचेरीत त्याचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक भागाच्या डोक्यावर ‘पात्रपरिचय’ नावाची चौकट असे. कोण जिवंत, कोण कैदेत, कोण कोणाचा कोण, हे नव्या वाचकाला कळावं म्हणून. ती चौकट भरणं हिचं काम. चौकट दीडशे शब्दांची, पात्रं दोनशे बारा. कचेरीत तिला सगळे ‘यादीबाई’ म्हणत.

“मान का?” मागून आवाज आला.

फिजिओ उजवीकडे उभा होता, त्यामुळे तिला त्याचे हात आधी कळले, चेहरा नाहीच. हात ऊबदार होते. तिने त्याचाही जरा राग करून घेतला.

“कशाने झालं?”

“राजघराण्यामुळे.”

“अं?… बरं. खांदे सैल सोडा.”

“कसे सोडू? त्या माणसाने एका भागात अकरा नवी माणसं आणली आहेत! भालदार आला की त्याचा साडू येतो, साडू आला की साडूचा घोडेवाला येतो. आणि आलेला एकही परत जात नाही! दरबार आहे की धर्मशाळा?”

हात थबकले. “ती… त्या साप्ताहिकातली कादंबरी का?”

“वाचता तुम्ही?”

“अधूनमधून. फार वाईट लिहितो का तो?”

“वाईट लिहिलं असतं तर मी सुखात असते. चांगलं लिहितो मेला! म्हणून तर माझी मान गेली.”

हात पुन्हा चालू लागले – आधीपेक्षा बरेच हळुवार.

“मग तुम्ही काय करता?”

“मारते.”

“काय?”

“पात्रं हो! दीडशे शब्दांत दोनशे बारा माणसं कशी कोंबू? चौकटीत लिहून टाकते, ‘शिकारीत दगावले’, ‘बोटीतून पडले’. आजवर अकरा जण घालवले. वाचकाचं एक पत्र नाही, लेखकाचा एक शब्द नाही! मागच्या शुक्रवारी तो म्हातारा महाद्वारपाल. चाळीस भागांत बापड्याला एकच वाक्य, ‘कोण आहे तिकडे?’ तापाने वारले म्हणून लिहिलं, आणि दोन ओळी वाचवल्या.”

आपली मान अजून या माणसाच्या हातात आहे, हे तिच्या अंमळ उशिरा ध्यानात आलं.

“तुम्ही मारलात?” तो म्हणाला. “आणि मी चार दिवस समजतोय की मीच मारला!”

“तुम्ही?… तुम्ही का मारा–”

ती गर्रकन वळली. मान कट्कन आवाज करून जागेवर आली. उपचाराचा हा प्रकार कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही, पण गुण येतो. समोर त्याचा चेहरा होता: झोप अपुरी झालेला, गोंधळलेला, आणि – तिला हे मान्य करणं जड गेलं – बघत राहावा असा.

“लेखक तुम्ही!”

“हो.”

“आणि कोण मेलं हे तुम्हाला माहीत नसतं?”

“एवढी माणसं लक्षात राहतील का कोणाच्या? मी तुमची चौकट समोर ठेवूनच पुढचा भाग लिहितो.”

“मग घालता कशाला एवढी?”

“मागतात,” तो ओशाळून म्हणाला. “इथे हात-पाय मोडून येतात, महिनोन् महिने पडून असतात. एकाला भालदार केलं, तर तो दुसऱ्या दिवशी चालायला लागला. मग शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, मी त्याचा साडू होतो. नाही कसं म्हणणार?” तो थांबला. “चला. तुम्ही काय करून ठेवलंय ते दाखवतो.”

नऊ नंबरच्या खाटेवर एक आजोबा हनुवटीपर्यंत चादर ओढून उताणे पडले होते, छातीवर साप्ताहिकाचा अंक. कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं पहारेकरी होते, खुब्याचं हाड मोडून आले होते. ज्या भागात महाद्वारपाल येईल त्या आठवड्यात रोज दहा पावलं चालायची, असा त्यांचा आणि फिजिओचा करार होता. मागच्या शुक्रवारपासून ते उठले नव्हते.

“आजोबा, उठायचं ना?”

“मेलेल्या माणसाला कसला व्यायाम?”

“आजोबा, ते चुकून झालं,” ती पुढे होऊन म्हणाली. “मीच लिहिलं होतं ते.”

“छापून आलंय, बाई.”

“अहो, पण मीच–”

“छापून आलंय म्हटलं ना!” आजोबांनी एक डोळा उघडला. “आणि तापाने? तीस वर्षांत तापाची एक रजा नाही घेतली मी! मारायचंच होतं तर तलवारीने मारायचं. एवढी तलवार आहे तिथे, बोलते म्हणे. मला मारायला नाही उठली ती?”

त्यांनी चादर डोक्यावर घेतली.

बाहेर व्हरांड्यात तो हळू आवाजात म्हणाला, “मोठे डॉक्टर म्हणतात, आणखी आठवडाभर असेच पडून राहिले तर पुन्हा कधीच चालणार नाहीत.”

तिला सणसणीत राग आला. निम्मा त्याच्यावर, निम्मा स्वतःवर, आणि वरचा थोडा तिने संपादकांसाठी राखून ठेवला. तो लगेच कामी आला.

“दुरुस्ती?” संपादक म्हणाले. “आपल्या साप्ताहिकाने बावीस वर्षांत एकही दुरुस्ती छापलेली नाही.”

“चूकच झाली नाही?”

“असं मी कुठे म्हटलं?”

त्यानंतरचे तीन दिवस ती कचेरी सुटली की पात्रांचं रजिस्टर घेऊन इस्पितळाच्या कँटीनमध्ये जाऊन बसे. तो एप्रन काढून समोर येई. काम गंभीर होतं: महाद्वारपालाला परत आणायला चौकटीत जागा कशी काढायची आणि कोणाला वगळायचं.

“पट्टराणी कोण?”

“सफाईच्या मावशी. त्यांना वगळलंत तर मला इथे राहता येणार नाही.”

“आणि हा कपटी प्रधान?”

“मोठे डॉक्टर. त्यांनी मागितलं नव्हतं.”

ती हसली, आणि हसल्याबद्दल तिला पुन्हा राग आला. “तुम्हाला लाज नाही वाटत? माणूस भेटला की घातला दरबारात!”

“मान कशी आहे?”

“विषय बदलू नका.”

“माझा विषय तोच आहे. जरा उजवीकडे बघा… अजून थोडं… हां.”

उजवीकडे खिडकी होती. तिने काचेत पाहिलं, तर तो खिडकीकडे बघत नव्हता. चहा गार झाला. रजिस्टरात त्या दिवशी एक ओळ भरली गेली नाही.

गुरुवारी तिने चौकट लिहिली. दोनशे अकरा माणसं वगळली – राजा, दोन्ही राण्या, तलवार, सगळी. दीडशेच्या दीडशे शब्द एकट्या महाद्वारपालाला दिले. छापायला जाण्याआधी चौकट कचेरीत कोणीच वाचत नसे. तीन वर्षं तिला हा अपमान सलत होता. त्या दिवशी ती त्याबद्दल मनापासून कृतज्ञ झाली.

शुक्रवारी सकाळी संपादकांचं बोलावणं आलं. शाई ओली असलेला अंक पर्समध्ये कोंबून ती उलट दिशेने निघाली.

आजोबांनी चष्मा लावून चौकट दोनदा वाचली. महाद्वारपाल वारल्याची बातमी शत्रूने पेरली होती. ते गुप्त कामगिरीवर होते. वाटेत त्यांनी एकट्याने सात जणांना लोळवलं. आता ते परतले असून फाटक पुन्हा त्यांच्या ताब्यात आहे.

“शत्रूने,” आजोबा म्हणाले. “मला वाटलंच होतं.”

“मग उठायचं?” फिजिओने विचारलं.

“थांबा. ‘वयोवृद्ध’ कशाला लिहिलंय?”

“शब्द भरायचे होते, आजोबा,” ती म्हणाली.

“हं.” त्यांनी चादर बाजूला केली.

पहिलं पाऊल टाकायला फार वेळ लागला. डावा दंड तिने धरला होता, उजवा त्याने. दुसरं पाऊल… तिसरं. आजोबांच्या कपाळावर घाम फुटला, पण त्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही. व्हरांड्यात लिफ्टवाला उठून उभा राहिला, मावशींनी फरशी पुसायची थांबवली. आणि नेमकी तेव्हाच ती गोष्ट तिच्या लक्षात आली, जी रजिस्टर भरताना तीन दिवस तिला टोचत होती.

“काय हो,” ती आजोबांच्या डोक्यावरून म्हणाली, “हा लिफ्टवाला दरबारात आहे?”

“सरदार आहे.”

“मावशी आहेत, डॉक्टर आहेत, भिंतीला टेकलेला तो अनोळखी माणूससुद्धा असेल–”

“तो साडूचा घोडेवाला.”

“आणि मी? तुमच्यापायी मान मोडली, नोकरी बहुतेक आज जाणार, आणि मी नाही कुठेच? या आठवड्याचा भाग वाचलाय मी. एक दासी म्हणूनसुद्धा नाही!”

“नाही घेतलं तुम्हाला.”

“का? एवढी काय वाईट आहे मी?”

“दरबारातली माणसं मी विसरतो,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “यादी बघितल्याशिवाय आठवत नाहीत. तुम्ही… मला कामाच्या वेळीसुद्धा विसरता येत नाही. मग तुम्हाला यादीत कशाला घालू?”

ती काहीतरी चांगलंच लागेलसं बोलणार होती. वाक्य तयारही होतं. पण त्याने हात पुढे केला, आणि तो तिच्या हातात कसा आला हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

“हे… हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत,” ती जमेल तेवढ्या रागाने म्हणाली.

“पहिल्या दिवशी तुम्ही डावीकडे बघत होतात.”

“अहो!” आजोबांचा आवाज व्हरांडाभर घुमला.

दोघांनी दचकून पाहिलं. आजोबा चार पावलं पुढे गेले होते. दोन्ही दंड मोकळे, आधार कशाचाच नाही, दोन्ही पायांवर ताठ उभे – आणि भयंकर संतापलेले.

“मला धरायचं कोणी?”